बंद दारामागचं काम कुणी पाहायचं?

समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक लॉगबुक असतं. तारीख, वेळ, क्लायंटचा क्रमांक, कामाचा थोडक्यात तपशील आणि शेवटच्या रकान्यात सुपरव्हायझरची, म्हणजे त्याच्या कामावर देखरेख ठेवून त्याला शिकवणाऱ्या वरिष्ठाची, सही. सोलापुरात मानसशास्त्रात एम. ए. करणारी, एम. एस. डब्ल्यू. करणारी, समुपदेशनाची पदविका करणारी मुलं-मुली हे लॉगबुक घेऊन शाळांत, दवाखान्यांत, महिला समुपदेशन केंद्रांत, वस्तीतल्या संस्थांत जातात. सत्र संपत आलं की लॉगबुकं गठ्ठ्याने टेबलावर येतात आणि तीन महिन्यांच्या सह्या एका बैठकीत उरकल्या जातात. सही करणाऱ्याने त्या तीन महिन्यांतलं एकही वाक्य ऐकलेलं नसतं. अशा सहीला काही अर्थ नाही, हे स्पष्टपणे बोललं पाहिजे.

शिकाऊ डॉक्टर पहिला टाका घालतो तेव्हा वरिष्ठ शेजारी उभा असतो. शिकाऊ समुपदेशक मात्र पहिल्याच दिवशी एका दुखावलेल्या माणसासोबत दार लावून एकटा बसतो. आत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. त्यातला एक कधी तक्रार करत नाही, फार तर पुढच्या वेळी येत नाही. दुसरा आपल्या समजुतीप्रमाणे दोन ओळी लिहितो. या दोन ओळींवर सुपरव्हिजन चालवणं म्हणजे रुग्णाला न तपासता केसपेपर वाचून औषध देणं.

हा घोळ जुना आहे. 1940 च्या सुमारास अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची संभाषणं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. आपण क्लायंटवर काही लादत नाही अशी खात्री असलेल्यांना स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं, की आपण सतत सुचवतोय, वळवतोय, मध्येच तोडतोय. ते खोटं बोलत नव्हते. आठवण अशीच असते, ती आपल्याला हवं ते ठेवते. म्हणून सुपरव्हिजनची सुरुवात सारांशापासून नको, प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांपासून हवी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

एक नमुना घेऊ. तो रचलेला आहे, कुणा एकाची केस नाही. पण अशी संभाषणं या शहरात रोज होतात. चाळिशीची बाई, विडी कामगार. डोकेदुखीसाठी दवाखान्यात आली, डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवली. शिकाऊ समुपदेशक तिला मावशी म्हणते. लॉगबुकातली नोंद अशी : 'निद्रानाशाची तक्रार. झोपेच्या सवयींबाबत मार्गदर्शन केले. क्लायंटने सहकार्य केले.' नीटनेटकी नोंद. सही करायला हरकत नाही असंच वाटेल. आता शब्दशः नोंद, म्हणजे ज्याला वर्गात सगळे व्हर्बेटिम म्हणतात ती :

मावशी : झोपच येईना झालीय. रात्रभर जागीच असते.
समुपदेशक : किती दिवस झाले?
मावशी : पोरगं हॉस्टेलवरनं आलं तवापासून. कुणाशी कायबी बोलत नाही. मग मीबी उठून बसते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत.
समुपदेशक : झोपायच्या आधी मोबाइल बघता का?
मावशी : नाही हो, मोबाइल पोराकडंच असतोय.
समुपदेशक : संध्याकाळी चहा बंद करा. आणि रोज एकाच वेळी आडवं व्हायचं.
मावशी : बरं.

दहा-अकरा वाक्यं. मार्गदर्शन झालं, सहकार्यही झालं. पण ही बाई झोप येत नाही म्हणून जागी आहे, की कुणावर तरी लक्ष ठेवायला जागी आहे? अचानक परतलेला, कुणाशी न बोलणारा मुलगा, आणि रात्री त्याच्यासोबत जागी बसणारी आई. इथे जिवाची भीती असू शकते, आणि ती क्लायंटच्या नव्हे, खोलीत न आलेल्या मुलाच्या. लॉगबुकच्या नोंदीत तो मुलगाच नाही. शेवटचं 'बरं' नोंदीत सहकार्य म्हणून उतरलंय. खरं तर तिने तिथे बोलणं थांबवलंय.

इथे सुपरव्हायझर काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं. 'मुलाचा उल्लेख तुझ्या लक्षातच आला नाही' असं म्हटलं, तर विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात व्हर्बेटिम दुरुस्त करून आणेल. काल्पनिक, निर्दोष. त्याऐवजी मावशीच्या दुसऱ्या उत्तरापाशी थांबायचं आणि विचारायचं, 'मीबी उठून बसते हे ऐकताना तुझ्या मनात काय चाललं होतं?' उत्तर बहुधा साधंच येतं : बाहेर रांग होती, मुलाचा विषय काढला तर वेळ पुरणार नाही असं वाटलं. किंवा वर्गात झोपेच्या सवयींचा धडा नुकताच झाला होता, ते येत होतं म्हणून ते केलं. किंवा, आणि हे जरा उशिरा बाहेर येतं, मुलाबद्दल काही भयंकर ऐकावं लागेल याची धास्ती वाटली. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी दवाखान्याशी वेळेबद्दल बोलावं लागेल, दुसऱ्यासाठी शिकवावं लागेल, तिसऱ्यासाठी धीर द्यावा लागेल. कारण कळल्याशिवाय सूचना देणं हे मावशीला चहा बंद करायला सांगण्यासारखंच आहे. समुपदेशनाच्या खोलीत जे घडतं तेच सुपरव्हिजनच्या खोलीत घडतं. अमेरिकी मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्येच दाखवून दिलं होतं, की क्लायंट आणि समुपदेशक यांच्यातला पेच जसाच्या तसा सुपरव्हिजनच्या खोलीत उमटतो. घाईने सल्ला देणारी विद्यार्थिनी समोर असली की सुपरव्हायझरलाही घाईने सल्ला द्यावासा वाटतो. तसं वाटलं की थांबायचं, तीच खूण.

मग वाक्य बनवायचं, नुसतं 'मुलाबद्दल विचार' म्हणून सोडायचं नाही. 'मावशी, रात्री त्याच्यासाठी जाग्या राहता का? त्याच्या जिवाची काही भीती वाटते का?' हे विद्यार्थिनीने तिथेच, मोठ्याने, तिच्या स्वतःच्या बोलीत तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा आवाज चिरकतो. तिसऱ्यांदा माणसासारखा येतो. पहिल्यांदाची चाचरण सुपरव्हायझरसमोर झालेली बरी. आणि या केसमध्ये पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरांमार्फत किंवा फोनने मावशींशी संपर्क करायचा. मात्र फोन मुलाकडे असतो, हे त्याच व्हर्बेटिममध्ये लिहिलेलं आहे. फोन त्याने उचलला तर काय बोलायचं, हेही आधी ठरवून ठेवायचं.

व्हर्बेटिम लिहिण्याची रीत सोपी आहे, शिस्त अवघड. सेशन चालू असताना लिहायचं नाही. क्लायंटची नजर पेनावर जाते. सेशन संपल्यावर तासाभरात, घरी जायच्या आधी लिहायचं. पूर्ण पाऊण तास आठवत नाही, आठवायची गरजही नाही. मधली पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पानाचे चार रकाने करायचे : क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हटलं, त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, आणि चौथा सुपरव्हायझरसाठी मोकळा. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. तो भरायला लागला की शिक्षण सुरू झालं समजायचं. शांततासुद्धा लिहायची, 'दहा-बारा सेकंद कुणी बोललं नाही' अशी. शिकाऊ समुपदेशकांच्या नोंदींत शांतता कधीच नसते, कारण ते ती टिकूच देत नाहीत.

ध्वनिमुद्रण मिळालं तर उत्तम, पण त्याची संमती नीट घ्यायला हवी. कोण ऐकणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार, हे चारही क्लायंटच्या भाषेत सांगायचं. नकार दिला तरी समुपदेशन तसंच मिळेल, हे आधी सांगायचं, फॉर्मवर अंगठा घेतल्यावर नाही. अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करू नये : फाइल आपोआप क्लाउडवर चढते, भावंडांच्या हातात फोन जातो, व्हॉट्सअॅपवर चुकीच्या ग्रुपला पडते. संस्थेचा साधा रेकॉर्डर, फाइलला नावाऐवजी क्रमांक, ऐकून झालं की सुपरव्हायझरसमोर पुसणं. आणि पंखा! दवाखान्यात समुपदेशनाला मिळते ती खोली बहुधा स्टोअररूमच असते, आणि उन्हाळ्यात सोलापुरात पंखा बंद ठेवता येत नाही. रेकॉर्डर पंख्याखाली ठेवला तर तासभर नुसती घरघर ऐकावी लागते. तो क्लायंटच्या बाजूला, टेबलाच्या कडेला, खाली रुमाल घालून ठेवायचा.

या शहराचे आपले काही प्रश्न आहेत, आणि बाहेरून आलेली पुस्तकं त्यांच्यावर गप्प आहेत. पहिला भाषेचा. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून आलेल्यांच्या घरी कन्नड, कुठे उर्दू, कुठे दखनी. विद्यार्थी अनेकदा त्याच घरांतले असतात, म्हणून सेशन तेलुगूत होतं, व्हर्बेटिम मराठीत लिहिलं जातं आणि अहवाल इंग्रजीत जातो. दोन गाळण्यांतून जाताना नेमकं दुखणंच मागे राहतं. उपाय कष्टाचा आहे, पण आहे : महत्त्वाची दहा वाक्यं जशी बोलली तशीच, त्या भाषेत, देवनागरीत लिहायची आणि शेजारी मराठी. सुपरव्हायझरला ती भाषा येत नसेल तर गटातल्या ती येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचायला लावायचं. भाषा न जुळणारा क्लायंट आला तर दुभाषी म्हणून त्याची मुलगी, जाऊ किंवा शेजारीण बसवायची नाही, मग सेशन एक दिवस पुढे गेलं तरी चालेल. सुनेच्या तोंडून सासूचं दुःख जसंच्या तसं कधीच येत नाही.

दुसरा प्रश्न कानांचा. यंत्रमागावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला कमी ऐकू येतं आणि तो मोठ्याने बोलतो. शिकाऊ समुपदेशक लिहितो, 'क्लायंट आक्रमक, आवाज चढलेला.' दोन सेशनांनंतर रागावर नियंत्रण मिळवायचे व्यायाम सुरू होतात. कागदावरून हे पकडता येत नाही. म्हणूनच सुपरव्हायझरने महिन्यातून एकदा तरी परवानगी घेऊन प्रत्यक्ष सेशनला बसावं. मग कळतं की या माणसासाठी पंखा बंद करायला हवा, खुर्ची जवळ घ्यायला हवी, तोंड त्याला दिसेल असं बसायला हवं, आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी आधी द्यायला हवी.

तिसरा, ओळखीचा. सोलापूर मोठं शहर असलं तरी माणसं एकमेकांना ओळखतात. गट-सुपरव्हिजनमध्ये नाव बदललं म्हणून ओळख लपत नाही. 'पूर्व भागातल्या कारखानदाराची सून, माहेर हैदराबादचं, नवरा दुबईला' एवढं म्हटलं की सहांपैकी दोघींना घर कळलेलं असतं. म्हणून व्यवसाय, भावंडांची संख्या, माहेरचं गाव हे बदलायचं. वय पाच वर्षं पुढेमागे करायचं. आणि ओळखीची केस निघाली तर त्या विद्यार्थिनीने तिथेच हात वर करून बाहेर जायचं, कारण न सांगता. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्यायचा. तसंच क्लायंटसोबत पहिल्याच सेशनला ठरवायचं, की गड्ड्याच्या जत्रेत, लग्नात, बाजारात भेट झाली तर आधी ओळख क्लायंटने द्यायची. त्याने नाही दिली तर समुपदेशकाने पुढे निघून जायचं आणि ते मनाला लावून घ्यायचं नाही.

तास किती? अमेरिकेतल्या समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केक्रेप' ही संस्था इंटर्नशिपला 600 तास मागते, त्यातले 240 प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे. आणि त्या सगळ्या काळात आठवड्याला सरासरी एक तास व्यक्तिगत किंवा दोघांसोबतचं सुपरव्हिजन आणि सरासरी दीड तास गटाचं. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संस्थेची खास मान्यता (ॲक्रेडिटेशन) मिळवलेल्या समुपदेशकाला कितीही वर्षं झाली तरी महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं. आपल्याकडे 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशकांना वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. कागदावर व्यवसाय उभा राहतोय. पण एका शिक्षकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थी असताना आठवड्याचा एक तास कुठून आणायचा, हा प्रश्न कायदा सोडवत नाही. दोघांना एकत्र घेऊन एक तास, आळीपाळीने, हा मार्ग चालण्यासारखा आहे. सहापेक्षा मोठा गट करू नये. सातवा माणूस प्रेक्षक होतो. आणि गटातल्या ऐकणाऱ्यांना काम द्यायचं : एकीने क्लायंटच्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, समजा सासूच्या, बाजूने ऐकायचं, एकाने 'हो-नाही'त उत्तर मिळणारे प्रश्न मोजायचे, एकीने फक्त समुपदेशकाने क्लायंटला कुठे तोडलं ते टिपायचं. काम नसेल तर गट सल्ले देत सुटतो.

सुपरव्हिजनच्या तासाची पहिली पाच मिनिटं कायम एकाच प्रश्नाची : कुणाच्या जिवाला धोका आहे का, कुणा बालकावर अत्याचार होत असल्याचं कानावर आलंय का? हा प्रश्न शेवटी ठेवला तर वेळ संपते आणि विद्यार्थी दारातून जाता जाता म्हणतो, 'मॅडम, आणखी एक होतं...' त्या 'आणखी एक'मध्येच सगळं असतं. आत्महत्येचा विचार थेट, नाव घेऊन विचारायचा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. ग्रामीण भागातून आलेला क्लायंट असेल तर घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, किल्ली कुणाकडे आहे, हे त्याच बैठकीत विचारायचं. कुटुंबं बहुतेक वेळा पोलीस केसच्या भीतीने गप्प बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतं, हे शिकाऊ समुपदेशकाला साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 पाठ हवेत. आणि सुपरव्हायझरचा फोन विद्यार्थ्याच्या कामाच्या वेळेत चालू हवा. तो बाहेरगावी असेल तर त्या दिवशी कुणाला फोन करायचा, ते नाव भिंतीवर लिहिलेलं हवं.

पॉक्सोबद्दल, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याबद्दल, गोंधळ फार आहे. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली, किंवा तो घडण्याची शंका आली, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'सरांना विचारून सांगते' ही पळवाट त्यात नाही. म्हणून शाळेत पाठवण्याआधीच विद्यार्थ्याला शिकवायचं, की 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलाला द्यायचं नाही. 'तुझ्या सुरक्षेचा प्रश्न आला तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन' हे वाक्य पहिल्याच भेटीत. एकदा वचन देऊन मोडलं, की ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाजवळ तोंड उघडत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र खोलीबाहेर नाही, सुपरव्हायझरच्या खुर्चीतच आहे. आपल्याकडे सुपरव्हायझर हाच वर्गातला शिक्षक आणि तोच गुण देणारा. मग विद्यार्थी चूक कशी दाखवेल? 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जवळपास सगळ्याच शिकाऊ समुपदेशकांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवल्याचं मान्य केलं होतं. जिथे सरांपुढे मान वर करून बोलणं हाच उद्धटपणा मानतात, तिथे काय होत असेल! शक्य असेल तर गुण देणारा आणि सुपरव्हायझर वेगळे ठेवावेत. शक्य नसेल तर गुण कशाला हे लेखी, आधी आणि एकेक करून सांगावं, आणि त्यात 'स्वतःची चूक ओळखून आणली' याला चांगले गुण ठेवावेत. एखादा विद्यार्थी क्लायंटसोबत बसायला अजून तयार नाही असं दिसत असेल तर ते अर्ध्या काळातच, समोर बसवून, लेखी सांगायचं आणि तास वाढवून द्यायचे. शेवटच्या आठवड्यात सांगणं अन्यायाचं. न सांगता पास करणं त्याहून वाईट, कारण त्याची किंमत पुढे क्लायंट मोजतात.

दुसऱ्या टोकाचा धोकाही आहे. विद्यार्थिनीच्या आईचं आजारपण क्लायंटच्या गोष्टीत मिसळलं, तिचे डोळे भरून आले, की प्रेमळ सुपरव्हायझर तिचंच समुपदेशन सुरू करतो. दोन-तीन आठवडे तेच चालतं आणि क्लायंटची फाइल टेबलावर तशीच पडून राहते. इथे पाणी द्यायचं, थांबायचं, 'याचा या केसवर काय परिणाम होतोय' एवढंच पाहायचं आणि बाकीच्यासाठी तिला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवायचं. सुपरव्हायझरने दोन्ही भूमिका घ्यायच्या नाहीत.

करमाळा, बार्शी, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांसाठी फोनवरचं सुपरव्हिजन अपरिहार्य आहे आणि ते वाईट नाही. फक्त एसटीत बसून नको, घरातल्या पडवीत नको, इअरफोन लावला म्हणून चारचौघांत नको. व्हर्बेटिमचं पान फोटो काढून पाठवायचं नाही, वाचून दाखवायचं.

उरला शेवट, आणि तिथे सर्वांत जास्त हयगय होते. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी प्लेसमेंट, म्हणजे शिकण्यासाठी काम करत असलेली संस्था, सोडतो. क्लायंटच्या बाजूने पाहिलं तर ज्याला सगळं सांगितलं तो माणूस एका आठवड्यात नाहीसा होतो. म्हणून निरोपाची तारीख पहिल्याच सेशनला सांगायची आणि शेवटच्या तीन सेशनांत ती पुन्हा पुन्हा काढायची. शेवटच्या दोन आठवड्यांत नवी केस द्यायची नाही. केस पुढे चालणार असेल तर एक सेशन तिघांचं हवं : जाणारी समुपदेशक, येणारी समुपदेशक आणि क्लायंट. काय सांगायचं आणि काय दोघींपुरतंच ठेवायचं, हे क्लायंटलाच विचारायचं. फाइलमध्ये पुढच्या भेटीची तारीख, वेळ, नव्या समुपदेशकाचं नाव आणि धोक्याबद्दलची शेवटची नोंद, हे चार मुद्दे लिहिलेले आहेत का ते सुपरव्हायझरने पाहायचं. त्या तारखेला क्लायंट आला नाही तर दोन दिवसांत चौकशी कुणी करायची, तेही तिथेच लिहायचं. लॉगबुकावर सही त्यानंतर.